करिष्माची झोप

योगीराज सरांनी स्टॉपवॉच दाबलं आणि कपाळाला हात लावला. पाच मिनिटं अठ्ठेचाळीस! मागच्या आठवड्यात हीच पोरगी पंधराशे मीटर पाच एकवीसमध्ये धावली होती.

करिष्मा गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. डोळे लाल, पापण्या सुजलेल्या.

"कावून गं? पाय घरी इसरून आलीस काय?"

"पाळी चालू हाय, सर. झोपच न्हाई."

झालं! सर कानापर्यंत लाल झाले. गेवराईच्या किराणा दुकानात वाढलेला हा माणूस बारा वर्षं कॉलेजात पोरापोरींना पळवत होता, पण असला विषय निघाला की त्याची बोबडी वळायची. "बरं बरं, आराम कर," एवढं पुटपुटून त्यांनी पाठ फिरवली. शनिवारी विद्यापीठ संघाची निवड होती आणि पहिल्या दोघींनाच घेणार होते.

घरी येऊन त्यांनी वेळांची वही चाळली, तर दोन महिने हेच चाललेलं. एक आठवडा पोरगी वाऱ्यासारखी, दुसऱ्या आठवड्यात पाय ओढत. सर घाबरलेच.

"वर्षा, आमच्या करिष्मासारख्या पोरीला दर दुसऱ्या आठवड्याला येती का गं... ती?"

वर्षाराणी लाटणं हातात धरून नवऱ्याकडे बघतच राहिली. "अगंबाई! डॉक्टरकडं न्यायला पायजे की पोरीला." तिनं तिथल्या तिथं करिष्माला फोन लावला. आधी काळजीनं विचारलं, मग तिला हसू फुटलं. मग हसू थांबलं आणि ती नुसती ऐकत राहिली.

"लाईटची पाळी हो!" फोन ठेवून ती म्हणाली. "मोटारीला एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रातची. आई-बाप ऊसतोडीला गेलेत, आजीला अंधारात दिसत न्हाई. रातभर गव्हाला पाणी ही देती अन् सकाळी तुमच्यापुढं पळती."

सरांना स्वतःची भारी लाज वाटली. पोरगी दोन महिने जागत राहिली आणि आपण विचारायच्या वेळी लाजून पाठ फिरवली.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत ते तलवाड्याला, करिष्माच्या शेतात हजर झाले. तिची आजी, भिवराबाई, बांधावर बसली होती.

"मास्तर, कदी दारं धरलीत का?"

"न्हाई, आजी. ह्या वाफ्यातलं पाणी त्या वाफ्यात सोडायचं, एवढंच ना?"

"एवढंच म्हणं! आधी ते फावडं सुलटं धरा."

करिष्मा रडकुंडीला आली. "सर, नगा ना. तुमाला जमायचं न्हाई."

"न्हाई जमलं तर न्हाई. एखादा वाफा फुटंल. तू जा अन् झोप."

शनिवारी बीडच्या मैदानावर करिष्मा पोटभर झोपून आली होती. शेवटच्या फेरीत तिनं सगळ्यांना मागं टाकलं आणि पहिली आली. पाच सतरा! रेषा ओलांडल्याबरोबर तिची नजर सरांना शोधू लागली. ते कुठंच दिसेनात. सापडले ते मंडपामागं, एका खुर्चीत. गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला, तळहाताला फोड, तोंड उघडं. शर्यत त्यांनी बघितलीच नव्हती.

इतक्यात लाऊडस्पीकर कडाडला. "पंधराशे मीटर, मुली! प्रथम क्रमांक, करिष्मा..."

करिष्मा तशीच पळत निवेदकाच्या टेबलापाशी गेली.

"साहेब, जरा हळू बोला ना," ती कळवळून म्हणाली. "आमच्या सरांना आत्ता कुठं डोळा लागलाय."