खिडकीतून दिसणारं जहाज

प्रसूतीच्या वॉर्डातली कोपऱ्यातली खोली तिने हट्टाने मागून घेतली होती. तिथला पंखा करकरायचा, नळ गळायचा, म्हणून ती खोली कुणी घेत नसे. पण तिच्या खिडकीतून बंदर दिसायचं आणि बंदराच्या तोंडाशी नांगर टाकून ताटकळणारी जहाजंही दिसायची. त्यातलं तिसरं, गंजलेल्या लाल पोटाचं, तिच्या नवऱ्याचं. म्हणजे मालक दुसराच कुणीतरी. हा आपला त्याच्या पोटात बसून इंजिन सांभाळायचा. पण घरात सगळे 'आपलं जहाज' असंच म्हणत.

तिची स्वतःची नोकरीही बंदरातलीच. मनोऱ्यात बसून कुठलं जहाज कधी आत घ्यायचं आणि कुठल्या धक्क्याला लावायचं, हे ती ठरवायची. म्हणून सगळं बंदर तिला धक्केबाई म्हणत असे. कप्तान ओरडोत नाहीतर दलाल साखर पेरोत, धक्केबाईने लावलेली रांग मोडत नसे. नवऱ्याचं जहाजसुद्धा तिने कधी एका नंबराने पुढे घेतलं नव्हतं. "घरचा माणूस म्हणून सगळ्यात शेवटी," असं तो चिडून म्हणायचा, आणि त्यात थोडंफार तथ्यही होतं.

सकाळी उठता उठता तिची पाणमोट फुटली. सासूबाईंनी पिशवी उचलली, शेजाऱ्याला गाडी काढायला लावली आणि दोघी दवाखान्यात आल्या. आता सगळं झटपट होईल असं वाटलं होतं, पण घोडं अडलं ते अडलंच. कळा आहेत म्हणाव्यात तर होत्या, नाहीत म्हणाव्यात तर नव्हत्या. एखादी जीव घेऊन जायची आणि पुढची वाटेत कुठेतरी गप्पा मारत बसल्यासारखी येतच नसे.

"माझ्या वेळी मी धुणं वाळत घातलं, दाराला कडी लावली आणि आले. तासाभरात मोकळी!" सासूबाई म्हणाल्या. ही गोष्ट त्या सकाळपासून सांगत होत्या आणि दर वेळी त्यातला वेळ थोडा कमी होत होता. आणखी दोनदा सांगितली असती तर बाळ दोरीवर कपड्यांशेजारीच झालं असतं.

"आई, तुमचं झालं, माझं व्हायचंय," ती म्हणाली आणि पलंगाच्या दांडीला धरून उभी राहिली.

डॉक्टरबाई तपासून गेल्या. वयाने लहान, पण बोलणं स्वच्छ. "पिशवीचं तोंड अर्धंही उघडलेलं नाही, आणि मघापासून तिथेच अडलंय. सलाईनमधून कळा वाढवायचं औषध देता येईल. किंवा थोडं थांबून बघू. बाळ छान आहे, त्यामुळे घाई नाही. पण पाणी गेलंय, म्हणून फार वेळ थांबता यायचं नाही. काय करायचं?"

"थांबू या," ती लगेच म्हणाली.

डॉक्टरबाईंना वाटलं, बाई सुईला घाबरते. ती सुईला घाबरत नव्हती. तिला नवरा हवा होता.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण संसार तुकड्या-तुकड्यांनी झालेला. तो यायचा, घर त्याच्या चपला-टॉवेलांनी भरून जायचं, रात्री उशिरापर्यंत बोलणं चालायचं आणि बोलणं अर्ध्यावर असतानाच त्याची सुट्टी संपायची. तिचे वडील गेले तेव्हा तो नव्हता. घर बदललं तेव्हा नव्हता. मागच्या खेपेला तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं, तेव्हाही तो कुठल्यातरी दुसऱ्याच समुद्रावर होता. फोनवर दोघं रडले होते, पण त्याचं रडणं तिला अर्ध्या क्षणाने उशिरा ऐकू येत होतं. तेव्हाच त्याने शब्द दिला होता, "पुढच्या वेळी मी तुझ्या उशाशी असेन. कुठलाही निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा." त्या एका शब्दावर ती हे नऊ महिने जगली होती.

आणि आता तो इतका जवळ होता, की चांगली दुर्बीण असती तर डेकवर वाळणारे कपडे दिसले असते.

फोन वाजला. "कशी आहेस?" तो ओरडला. मागे इंजिनाची घरघर होती.

"उभी आहे. तुझं जहाज बघतेय."

"दिसतं तिथून?"

"जहाज दिसतं. तू दिसत नाहीस."

मागची घरघर जरा लांब गेली. मग म्हणाला, "ऐक ना, होडीने येऊ म्हटलं तर कप्तान सोडत नाही. वारा वाढलाय, नांगर घसरला तर इंजिन लगेच चालू करावं लागेल, आणि मोठा इंजिनियर तापाने पडलाय. मी एकटाच आहे खाली. पण आज आत येणार आम्ही. थांबशील ना? सलाईन-बिलाईन मी आल्यावर ठरवू."

"थांबीन की. थांबण्यात माझा हात कोण धरणार?"

थट्टेत म्हणाली खरी, पण फोन ठेवल्यावर तिचे डोळे भरून आले. मग तिने डोळे पुसले आणि हिशेब मांडला. दुपारच्या भरतीला पहिलं जहाज आत जाईल, त्याच्या मागोमाग दुसरं, आणि दिवस कलेपर्यंत लाल पोटाचं. तिथून दवाखाना म्हणजे हाकेच्या अंतरावर. हिशेब चोख होता, आयुष्यभर तिने तेच तर केलं होतं. फक्त या खेपेला त्या रांगेत तिने बाळालाही उभं केलं होतं. आधी बाबा, मग तू, असं ती पोटावर हात ठेवून त्याला सांगत होती. अशी चूक धक्केबाईच करू जाणे.

ती चालली. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सासूबाईंच्या खांद्यावर हात टाकून. कळ आली की भिंतीला कपाळ टेकायची, सासूबाई कंबर चोळायच्या. गरम पाण्याने अंघोळ झाली, सिस्टरने दिलेल्या मोठ्या चेंडूवर बसून झुलणं झालं. दर फेरीला ती खिडकीशी थबकायची. पहिलं जहाज आत गेलं. दुसरं हलेना. लाल जहाज वाऱ्याने तोंड फिरवून आता तिच्याकडे पाठ करून उभं होतं, आणि तेवढ्यानेही तिला वाईट वाटलं.

"मीही अशीच बघायचे," सासूबाई अचानक म्हणाल्या. सासरेही जहाजावरच होते. "डोळ्यांत प्राण आणून. आमच्या घरातले पुरुष म्हणजे पाहुणे. एकदा ते आले ना, तर हा पोरगा त्यांना बघून रडायला लागला. चोर शिरला म्हणे घरात!" त्या हसल्या आणि पुन्हा तिची कंबर चोळायला लागल्या.

दुपार उतरणीला लागली तसं तिला थंडी वाजायला लागली. सिस्टरने ताप बघितला, पोटाला पट्टा बांधून बाळाचे ठोके ऐकले आणि तडक डॉक्टरबाईंना बोलावून आणलं.

"तुम्हाला ताप आलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि बाळाचे ठोके वाढलेत. आत संसर्ग सुरू झाला असावा. सकाळी मी थांबू म्हटलं होतं, आता म्हणणार नाही. अँटिबायोटिक लगेच देते, त्याबरोबर कळांची सलाईन लावू. त्याने काम पुढे सरकलं नाही, तर ऑपरेशन. पण आत्ता तुमचं 'हो' हवं."

"एक फोन करू?"

"करा. पण लवकर."

तिने नवऱ्याला फोन केला नाही. तिने मनोऱ्यात फोन लावला. तिच्या जागी जो बसला होता त्याला सगळे भोंगा म्हणत, कारण त्याला हळू बोलताच येत नसे. कामातलं अक्षर न् अक्षर त्याने तिच्याकडूनच गिरवलं होतं.

"ताई! झालं का? पेढा की..."

"काही झालं नाही. ऐक. लाल जहाज पुढे घे. दुसऱ्याच्या आधी घे. माझ्यासाठी म्हणून घे." आयुष्यात पहिल्यांदा ती असं काही बोलत होती.

पलीकडे भोंगा चक्क हळू बोलला. "ताई, वारा इतका आहे की अंधारापूर्वी एकच जहाज आत घेता येईल. आणि दुसऱ्यावरचा खानसामा भाजलाय. उकळतं तेल अंगावर सांडलंय त्याच्या. लाटा अशा आहेत की होडीत स्ट्रेचर उतरवता येत नाही, जहाजच धक्क्याला लावावं लागेल. तरी तुम्ही म्हणाल तसं करतो. कुणाला घेऊ?"

"विचारतोस काय मूर्खासारखं?" ती ताडकन म्हणाली. "जिवावर बेतलंय त्याला आधी घ्यायचं! बाकीची रांग गेली खड्ड्यात!"

"तेच म्हटलं मी."

ती फोन हातात धरून बसून राहिली. पट्ट्याच्या यंत्रातून ठोके ऐकू येत होते, भराभर, कुणी दारावर थापा मारत असल्यासारखे. ते ती मघापासून ऐकत होती, पण ऐकलं आत्ता. आपण याला बाहेर ताटकळत ठेवलंय, तिच्या मनात आलं. परक्या खानसाम्यासाठी मी एका क्षणात लाल जहाज मागे ठेवलं, आणि हा माझा स्वतःचा जीव. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कळेपेक्षा तीच जास्त दुखली. लाल जहाज आज येणार नव्हतं. उशाशी कुणी असणार नव्हतं. नऊ महिने जपलेली एक गोष्ट व्हायची नव्हती, आणि ती होणार नाही असं म्हणायचं काम तिच्यावरच आलं होतं.

"लावा सलाईन," ती म्हणाली. "ऑपरेशन लागलं तर तेही करा. त्यालाही हो."

"त्याला विचारायचं नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई. खिडकीचा पडदा ओढा."

सासूबाईंनी पडदा ओढला.

सलाईन लागली आणि मग कळांनी मागची सगळी उधारी वसूल केली. सकाळपासूनच्या कळा म्हणजे रंगीत तालीम होती, हे तिला कळून चुकलं. ती ओरडली, तिने डॉक्टरबाईंना शिव्या घातल्या, कप्तानाला घातल्या, वाऱ्याला घातल्या. सासूबाईंच्या दंडावर तिच्या नखांचे वण उठले. मधेच एकदा तिने नवऱ्याच्या नावाने टाहो फोडला, आणि सासूबाईंनी तिचं डोकं छातीशी धरलं. "मी आहे ग पोरी. मी कुठे जात नाही," त्या म्हणत राहिल्या. धुण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

दिवेलागणीला मुलगी झाली. ऑपरेशन करावं लागलं नाही. आधी ती रडलीच नाही, सिस्टरने पुसून चोळली तेव्हा रागावल्यासारखी रडली. तिलाही अँटिबायोटिक द्यावं लागलं, रात्रभर काचेच्या पेटीत नजरेखाली ठेवावं लागलं. "अजून उशीर केला असता तर अवघड झालं असतं," डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या. सासूबाईंनी मुलाला फोन करून कळवलं. बाळंतिणीने फोन हातात घेतला नाही. तिला बोलायची भीती वाटली.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. दाढी वाढलेली, अंगात चुरगळलेला शर्ट, घासून घासून लाल केलेले हात. तरी नखांत ग्रीस होतंच. तो दारातच उभा राहिला. बाळ पेटीतून बाहेर येऊन तिच्या शेजारच्या पाळण्यात झोपलं होतं.

"मला विचारलं नाहीस," तो म्हणाला. रागाने नाही, पण ते त्याच्या मनात रात्रभर असणार.

"नाही विचारलं."

"फोन हातातच होता माझ्या. सारखा."

"तुला विचारलं असतं तर तू थांब म्हणाला असतास," ती म्हणाली. "आणि मी थांबले असते. तुझ्यासाठी मी कितीही थांबले असते रे. म्हणून नाही विचारलं."

त्याने दारातच चपला काढल्या. आत आला, पलंगाच्या कडेला बसला आणि तिच्या केसांत हात घालून नुसताच बसून राहिला. त्याला डिझेलचा वास येत होता, जो एरवी तिला महिनोन् महिने हवाहवासा वाटायचा. तो आला होता, आणि तरी तिला त्याचीच आठवण येत होती. कालच्या त्याची, जो आला नव्हता. तो आता कधीच येणार नव्हता, आणि या जवळ बसलेल्या माणसाला ते समजावून सांगता येण्यासारखं नव्हतं.

"उठवू हिला? डोळे तरी बघतो," तो पाळण्यावर वाकून म्हणाला.

"खबरदार!" सासूबाई कोपऱ्यातून कडाडल्या. "आत्ता कुठे डोळा लागलाय पोरीचा. उठेल तेव्हा उठेल."

"पण कधी उठते ही साधारण?"

त्याच्या आईने आणि बायकोने एकमेकींकडे बघितलं.

"ते सांगता येत नाही," बायको म्हणाली. तिचे डोळे मिटायला लागले होते. "तू थांब."

तिला जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. सासूबाई खुर्चीत घोरत होत्या. तो पाळण्याजवळ फरशीवर मांडी घालून बसला होता, हनुवटी पाळण्याच्या कडेवर टेकलेली, नजर त्या मिटलेल्या पापण्यांवर. आपण जाग्या आहोत हे तिने त्याला कळू दिलं नाही. बाळ अजून उठलं नव्हतं.