खिंडीतून वांगी

मोरझिरीच्या धरणाला सायकलवर पूर्ण फेरी मारायची आहे, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा पहिला प्रश्न पप्पांनी विचारला नाही. तो बेबाआत्यानं विचारला.

"मंग तुमी खानार काय?"

बेबाआत्या खरं तर पप्पांची आत्या, पण फैजपूरची आमची अख्खी गल्ली तिला आत्याच म्हणते. प्रश्न ऐकायला साधा होता. माझ्या फेरीची वाट मात्र तिथूनच लागायला सुरुवात झाली.

आधी फेरीचं सांगते. धरण सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी आहे. भिंतीवरून निघायचं, केळीच्या बागांमागून पाटाच्या कडेनं जायचं, पाड्याला वळसा घालून खिंड चढायची, पलीकडे उतरलं की पाण्याकाठी देवीचं देऊळ, आणि तिथून नाल्यातले गोटे तुडवत उतारानं परत भिंत; उलट्या बाजूनं त्या गोट्यांवर सायकल चढतच नाही. सम्यका तायडे आणि मी हा नकाशा मोबाइलवर इतक्या वेळा ताणून पाहिला होता की खिंडीतलं एकेक झाड आता आपल्याला ओळखतं, असं सम्यका म्हणायची. ती माझ्याच वर्गात आहे, नववी ब, आणि वर्गात गिअरच्या सायकली आम्हा दोघींकडेच. खिंड हीच खरी गोष्ट होती. नुसती सायकल काय, कोणीही चालवतं. खिंड पाय न टेकवता चढायची होती.

आणि ती याच रविवारी चढायची होती. कारण आमच्या क्लासच्या सरांनी दहावीची बॅच जानेवारीतच सुरू करायचं ठरवलं. का, तर समोरच्या क्लासनं फेब्रुवारीचा बोर्ड लावला होता! म्हणजे सोमवारपासून मी दहावीत, नववीची परीक्षा व्हायच्या आधीच. दर रविवारी टेस्ट. सायकल माळ्यावर चढवायला पप्पांनी दोरीसुद्धा काढून ठेवली होती, ती थेट बोर्डाचा शेवटचा पेपर झाल्यावर खाली येणार होती. हा रविवार हुकला की सव्वा वर्ष हुकलं.

"बिस्किटं नेऊ ना," मी म्हणाले.

आत्यानं असं पाहिलं की जणू मी उंदराचं औषध म्हणाले. "थंडीचे दिवस, धरनाचा काठ, आन् बिस्किटं? लीलाधर, तुझी पोर काय म्हनते, ऐकतो का?"

नेमके त्याच वेळी गिरधरनाना दारातून आत येत होते. नाना पप्पांचे काका. केळीची शेती त्यांनी मुलाकडं, म्हणजे नीलेशदादाकडं सोपवली आहे. वांगी भाजायचं काम मात्र अजून कुणाच्या हाती दिलेलं नाही. त्यांच्या कानावर 'धरण' एवढंच पडलं.

"धरनावर भरीत? कधी?"

संपलं. डिसेंबरात आमच्याकडं कोणी भरीत म्हटलं की ती चर्चा राहत नाही, थेट तारीख होते. चहा उकळेपर्यंत सगळं ठरलं. बामणोदची वांगी नाना आणणार. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पुऱ्यांचं पीठ आत्या मळणार. गाडी नीलेशदादाची पिकअप, जी एरवी केळी वाहते आणि रविवारी नातेवाईक.

"आणि माझी फेरी?"

"चालव की सायकल," पप्पा म्हणाले. "भिंत मस्त सपाट आहे. भरीत होईपर्यंत इकडून तिकडं, तिकडून इकडं."

"पप्पा, त्याला फेरी नाही म्हणत. तो वॉचमनचा राउंड झाला."

"हवं तर पाटापर्यंत जा. पण खिंडीत नाही. खिंड धोक्याची आहे. विषय बंद."

मागच्या वर्षीची मी असते तर गच्चीवर जाऊन रडले असते. पण यंदा वक्तृत्व स्पर्धेत भाषण अर्ध्यात विसरूनही मी बोलत राहिले आणि तिसरी आले. तेव्हापासून मी कुणाच्या बापाला घाबरत नाही, माझ्या स्वतःच्या सोडून. मी उभी राहून मुद्दे मांडले: हेल्मेट आहे, पंक्चरचं किट आहे, शिट्टी आहे, सम्यकाच्या बाबांची परवानगी आहे.

"मुद्दे चांगले आहेत," पप्पा म्हणाले. "निबंधात लिही."

सम्यकाला हे कळवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुमच्या घरात वांग्यांना गाडी आणि आपल्याला भिंत!" मग जरा थांबून म्हणाली, "तू सायकलबद्दल बोलूच नको. वांग्याबद्दल बोल."

म्हणून मी दुसऱ्या दिवशी नुसती नानांशेजारी जाऊन बसले. म्हणाले, "नाना, भिंतीजवळ वारा फार असतो. जाळ एका बाजूला पळतो. देवळाजवळ चिंचांचा आडोसा आहे." नानांनी मान डोलावली आणि भरीत पलीकडच्या काठावर गेलं. आता देवळाशी पोचायला आम्हाला खिंड लागणारच, असा माझा हिशेब.

पप्पांचा हिशेब माझ्या पुढचा निघाला. कपाशीच्या वाळलेल्या काड्या भिंतीजवळ नानांच्या दोस्ताच्या शेतात होत्या. म्हणून नाना, पप्पा आणि वांगी तिथंच उतरणार. नीलेशदादा आत्याला आणि बाकी सगळ्यांना डांबरी रस्त्यानं, डोंगराला वळसा घालून देवळाशी सोडणार. मग दुसऱ्या खेपेला काड्या, वांगी, नाना, पप्पा आणि आम्ही दोघी. "सायकलीसुद्धा पिकअपमध्ये," पप्पा म्हणाले आणि माझ्याकडं पाहून हसले.

रविवारी सम्यका आणि मी अंधुक उजेडातच घरून सायकलीवर निघालो. एवढं तरी पदरात पडलं होतं. पाटापर्यंत जाऊन, खिंडीकडं लांबूनच बघून, तोंड पाडून भिंतीशी परत आलो तर शेतातून धूर निघत होता.

नाना जाळासमोर उकिडवे बसले होते. वांगी अर्धीअधिक भाजून काळी झाली होती आणि वास असा सुटला होता की सम्यकाचं पोट गुरगुरलेलं मला ऐकू आलं.

"नाना! भाजायची तर देवळाजवळ होती ना?"

"वांगं ताजं, काडी वाळलेली," नाना म्हणाले. "मंग कोनाची वाट पाहू?"

पप्पा बाजूला हातात काठी घेऊन उभे होते. "मी पाणी आणायला गेलो होतो," ते म्हणाले. "फक्त पाणी आणायला."

"नीलेशदादा येईलच की आता."

पप्पांनी काठीनं पाण्यापलीकडं दाखवलं. देवळाच्या अलीकडं, नाल्याच्या वाळूत, पिकअप एका अंगावर कलून बसली होती. भोवती मुंगीएवढी माणसं ढकलत होती. एक लाल लुगडं ढकलत नव्हतं, फक्त हात उंचावून सगळ्यांना सांगत होतं. एवढ्या लांबूनही आत्या ओळखू आली. मोबाइलला रेंज नव्हती. पप्पा हात वर करून भिंतीवर फिरून आले होते.

आता परिस्थिती अशी. वांगी या काठाला, भाजून तयार. बडगी, म्हणजे ती कुटायची लाकडी कोठी, मुसळ, तळलेल्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात आणि जेवणारी सगळी माणसं त्या काठाला.

"गरम कुटलं तं भरीत," नाना म्हणाले. "गार कुटलं तं ढोरांचं खानं."

"इथंच दगडानं कुटू या," पप्पांनी सुचवलं.

नानांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की पप्पांनी काठी खाली ठेवली.

मग नानांची नजर आमच्या सायकलींवर गेली. आणि मग, फार सावकाश, पप्पांची.

सम्यका मला कोपरानं ढोसत होती. मी हँडलवरची धूळ पुसत होते. इतकं मन लावून मी ते कधी पुसलं नव्हतं.

"खिंडीतून लवकर पोचता का गं?" पप्पा म्हणाले.

"आम्हाला काय माहीत," मी म्हणाले. "खिंड धोक्याची आहे."

"लीलाधर," नाना म्हणाले, "वांगी गार व्हू राह्यली."

पप्पांनी वांग्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि परत वांग्यांकडं. "हेल्मेटचा पट्टा घट्ट कर," ते म्हणाले.

आम्ही सॅका रिकाम्या केल्या, आतून केळीची पानं लावली आणि नानांनी वांगी एकेक करून बाळं झोपवावीत तशी आत ठेवली. सॅक पाठीला लावली आणि मी ओरडलेच. इस्त्री बांधल्यासारखं वाटत होतं. "आता थंडी वाजायची नही," नाना म्हणाले.

पाटाचा रस्ता आम्ही कसा पार केला ते आठवत नाही. पाड्याजवळ दोन कोंबड्या आणि एक आजोबा बाजूला झाले. आजोबांनी वास घेतला आणि मागून ओरडून विचारलं, "कोनाकडं भरीत?" थांबायला वेळ नव्हता.

आणि मग खिंड. मोबाइलवर ती बोटाएवढी दिसायची. समोर पाहिली तर वाट नव्हतीच, नुसते दगड आणि मधूनमधून वाट असल्याची अफवा. सगळ्यात हलका गिअर टाकला. पाय गरगर फिरायचे आणि सायकल गोगलगायीसारखी सरकायची. पाठ भाजत होती, नाकातून भरीत जात होतं. मागं धप्पकन आवाज आला. वळून पाहिलं तर सम्यका घाणेरीच्या झुडपात, चाकं वर.

"वांगी ठीक आहेत!" ती ओरडली.

मी हसले, आणि तिथंच पाय टेकला. वरचं वळण चार हातांवर होतं.

सम्यका सायकल ढकलत माझ्यापाशी आली. "चल, इथून चढ. कोण बघतंय?"

खरंच कोणी बघत नव्हतं. पण मी सायकल वळवली.

"मोहिनी! कुठं चाललीस? वांगी!"

"थांबतील!"

मी पार खालपर्यंत गेले. पाणी प्यायले. दुसऱ्यांदा चढताना ना घाणेरीकडं पाहिलं, ना सम्यकाकडं, फक्त पुढच्या चाकाखालच्या दगडाकडं. ते वळण आलं तेव्हा मांड्या लटलटत होत्या आणि मी काहीतरी मोठ्यानं म्हणत होते. भूमितीचं प्रमेय म्हणत होतीस, असं सम्यका सांगते. मग एकदम वाट सपाट झाली. खाली अख्खं धरण एका नजरेत दिसलं, निळं, कडेनं हिरव्या केळी, मधे एक बगळ्यांची रांग. पाय पेडलवरच होते.

सम्यकानं शिट्टी फुंकली. ती अपघातासाठी आणली होती.

देवळाशी पोचलो तर आत्यानं आधी सॅक ओढली. आत हात घातला, झटकन काढला, बोटं फुंकली. "गरम आहेत," ती म्हणाली. मग माझ्याकडं पाहिलं. "आन् तुम्ही दोघीच आल्या? खिंडीतून? व माय!" आणि तिनं माझ्या गालावर वांग्यांच्या काजळीचा पंजा उमटवला.

नीलेशदादा पिकअपखाली आडवा होता. "सायकली मागं टाका," तो खालून म्हणाला. "आता निघेलच गाडी." बोलता बोलता वाळू उपसून त्यानं गाडीचं मागचं चाक आणखी वीतभर खाली नेलं.

आम्ही गाडीसाठी थांबलो नाही. फेरी अर्धीच झाली होती. भरीत कुटून होताच आत्यानं गरम डबा आणि पुऱ्या बांधून दिल्या, आणि नाल्यातले गोटे तुडवत, दातांवर दात आपटत, आम्ही भिंतीशी पोचलो. जिथून निघालो तिथं पुढचं चाक टेकवलं आणि सम्यका सायकलीसकट आडवी झाली.

नानांनी डबा उघडला, पहिला घास घेतला, डोळे मिटले. "मीठ कमी आहे," म्हणाले आणि दुसरा घेतला.

पप्पा डब्याकडं आलेच नाहीत. "चढलीस का गं खिंड?" त्यांनी हळूच विचारलं.

"पहिल्यांदा पाय टेकला. मग परत खाली गेले आणि अख्खी चढले."

नानांचा घास हवेतच राहिला. "म्हंजे माझी वांगी खिंड दीडदा चढली?"

"हो, नाना."

"तरीच," नाना म्हणाले, "येवढी मऊ झाली."

पप्पा डोंगराकडं बघत होते. "माझा जन्म इथला," ते म्हणाले, "पण त्या खिंडीतून पाणी कसं दिसतं ते मी कधी पाहिलं नाही."

मी सांगायला लागले. निळं, म्हणाले. मोठं, म्हणाले. वक्तृत्वात तिसरी आलेली मुलगी, आणि पुढं शब्दच सापडेना. शेवटी मी हेल्मेट काढून त्यांच्या डोक्यावर ठेवलं. ते नारळाच्या करवंटीसारखं वरच बसलं.

"अगं, मी शाळेनंतर सायकलवर..."

"भिंत मस्त सपाट आहे, पप्पा."

ते बसले. सम्यका एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं धरून पळत होतो. मग सम्यकानं सोडलं, मग मी सोडलं, आणि पप्पा वाकडेतिकडे होत, पाण्याच्या कडेकडेनं निघाले.

"मोहिनी!" लांबून आवाज आला. "हिचा ब्रेक कुठला गं?"