हॉलिसची न फुटणारी होडी

माझ्या नवऱ्याला, हॉलिसला, कुणी "कसा आहेस?" विचारलं तर तो त्याची होडी कशी आहे ते सांगतो. लाल चकाकीची फायबरची होडी, मागे नको तेवढं मोठं इंजिन, आणि तळाला म्हणे इतके थर की खुंटावर आदळली तर खुंटच माफी मागेल. चर्चच्या जेवणात हातात कोंबडीची तंगडी घेऊन हेच चालू असतं, आणि ऐकणारे बाप्ये माना डोलावतात. आमच्या तलावात पाण्याखाली अख्ख्या जंगलाचे बुंधे उभे आहेत. धरण झालं तेव्हा झाडं वरून कापली आणि बाकीचं तसंच बुडू दिलं. तरी बास मासा पकडायला निघालेली ही माणसं मागे वाघ लागल्यासारख्या होड्या पळवतात.

समोरच्या काठावर माझी बहीण ओलीटा राहते. तिची जुनी अ‍ॅल्युमिनियमची होडी अंगभर पोचे घेऊन वर्षानुवर्षं चालते आहे. ओलीटा मात्र तीन वर्षं माझ्याशी बोललेली नाही. कारण आईची बिडाची चूल, पाव भाजायची भट्टी आणि तिला पांढरं दार असलेली. आई गेल्यावर चूल दोघींची ठरली आणि माझ्या शेडमध्ये ठेवली. एका उन्हाळ्यात शेड उघडते तर चूल गायब! ओलीटाने धरून ठेवलं की मी ती जुन्या वस्तूंच्या दुकानात विकली. मी शपथा घेतल्या, रडले. "एवढी जड चूल काय पायांनी चालत गेली, वर्नी?" म्हणाली आणि फोन ठेवून दिला. तेव्हापासून सणाला माझ्या टेबलाशी तिची खुर्ची रिकामी. मला दुसरी बहीण नाही. त्या वेळी हॉलिसने चोरांना भरपूर शिव्या घातल्या आणि शेडला नवं कुलूपही आणून लावलं.

परवा त्याने मला होडीत घातलं. नवरा-बायकोंच्या स्पर्धेचा सराव म्हणे. थंडीआधी धरणवाले पाणी उतरवतात, तसं ते बरंच उतरलं होतं.

"हळू चालव," मी म्हणाले. "खुंट वर आलेत."

"अगं, हिला काही होत नाही. किती वेळा सांगू?"

"तुझ्या कवटीला होतं का काही, ते सांग."

त्याने वेग आणखी वाढवला. मग ओलीटाच्या काठाकडे बघत एकदम ओरडला, "तो पाइन कुठे गेला?"

"कुठला पाइन?"

"ओलीटाच्या घरामागचा! उंच!"

"गेल्या आठवड्यात वादळ झालं, त्यात पडला. का?"

"मला त्याच्या डावीकडून जायचं अस..."

धाड! मी पुढच्या सीटखाली, टोपी पाण्यात. इंजिनाचा खालचा पाय तुटून गेला, आणि ते सुप्रसिद्ध थर मधोमध उकलले. माझ्या बुटांत बर्फासारखं पाणी शिरलं. होडी कशावर तरी तिरकी अडकून बसली.

"बुडणार नाही," हॉलिस म्हणाला. "आत फोम भरलाय."

मी होडीच्या कडेवरून वाकून पाहिलं. खाली खुंट नव्हता. पांढरं दार होतं, आणि दाराला चिनी मातीची मूठ. आमच्या चुलीची मूळ मूठ तुटल्यावर कपाटाची काढून लावली होती, तीच.

मी हॉलिसकडे बघितलं. तो आकाशाकडे बघत होता.

"बास माशाला आडोसा लागतो, वर्नेल," तो शेवटी म्हणाला. "लोक झाडं बुडवतात, टायर बुडवतात. ही तर लोखंडी, भट्टीला दार... काय मासे बसतात गं तिच्यात!"

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"मासे लागायची जागा कुणी बायकोला सांगतं का? मी होडीतल्या नकाशाच्या यंत्रातसुद्धा खूण केली नाही, कुणी पडद्यावर बघितलं असतं तर? नुसता तो पाइन लक्षात ठेवला होता."

"ओलीटा मला चोर समजते, हॉलिस!"

"तिला सांगितलं असतं तर ती रोज इथेच गळ टाकून बसली असती."

त्याला ढकलून द्यावंसं वाटलं. खरंच वाटलं. पण तेवढ्यात ओलीटाची होडी येताना दिसली. तिने धडक ऐकली असणार.

"आत्ता नको बोलूस," हॉलिस कुजबुजला. "आधी ओढून नेऊ दे."

ओलीटाने जवळ येऊन दोर उचलला. माझ्याकडे पाहिलंही नाही. "हॉलिस, तुझ्या बायकोला म्हणावं, दोर धर."

मी हात मागे घेतले. "ओलीटा, खाली बघ."

तिने पाहिलं. इंजिन बंद केलं आणि पुन्हा पाहिलं, बराच वेळ.

"ती मूठ मी बसवली होती," ती म्हणाली. "आईने स्क्रू धरून दिले होते."

मग तिने हॉलिसकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता. काही सांगावंच लागलं नाही.

"मी तुला काय काय बोलले, वर्नी."

"बोललीस खरी."

तिने हात पुढे केला. तीन वर्षांचा राग होताच, पण हात आईसारखाच खरबरीत होता. मी तो धरून तिच्या होडीत उतरले.

"आणि मी?" हॉलिस म्हणाला.

"तुझी होडी फुटत नाही ना?" ओलीटा म्हणाली. "मग बस तिच्यात."

परत जाताना आमची होडी खुंटाला घासली. ठण् झालं, आणखी एक पोचा आला. ओलीटाने मागे वळूनही पाहिलं नाही. ती बाहीने डोळे पुसत होती.

"घरी मक्याचा कॉर्नब्रेड आहे," ती म्हणाली. "पण आईसारखा खालून खरपूस होत नाही. विजेच्या ओव्हनला ते जमत नाही."

मागून हॉलिसच्या हाका येत होत्या.

"खाऊन झालं की साखळी घेऊन येऊ," मी म्हणाले. "आधी चूल काढू. मग त्याला."