उंदरांच्या तोंडचा घास

प्रयोगशाळेत म्हाताऱ्या उंदरांची देखभाल करणाऱ्या गृहस्थाला सगळे मामाच म्हणायचे, आणि या मामाला दोन जिने चढले की धाप लागायची. थोरला भाऊ पंचावन्नाव्या वर्षी हृदयविकारानं गेलेला. मामाला चौपन्न चालू होतं. भीती वाटणार नाही तर काय होणार!

त्यात संशोधक बाईंना समजावून सांगायची भारी हौस. "मामा, पेशीपेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारक्या चुली असतात. चूल पेटली की ठिणग्या उडायच्याच. त्या फ्री रॅडिकल्स. त्या चुलीलाच पोळतात. हृदयाला एका क्षणाची सुट्टी नाही, म्हणून तिथं चुली जास्त, आणि वय झालं की पोळणंही जास्त. डाव्या कपाटातल्या उंदरांच्या खाण्यात ठिणग्या विझवणारं औषध घातलंय. उजवीकडच्यांना औषध नाही, नुसतं पळायला चाक. बघू, म्हातारपण कुणाचं लांबणीवर पडतं."

बघू कशाला? दुसऱ्याच दिवसापासून मामा डाव्या कपाटाच्या डब्यातल्या खाण्याच्या गोळ्या मूठभर तोंडात टाकू लागला. चव लाकडाच्या भुशाची, वर साबणाचा वास. पण जिवापुढं चवीचं काय घेऊन बसलात!

सहा महिन्यांनी बाई नाचतच आल्या. "मामा, चमत्कार! डब्यातलं खाणं मोजलं, डावीकडचे उंदीर दीडपट खातात आणि वजन गुंजभर वाढत नाही! चुली कशा धडधडून पेटल्यात बघा. सोमवारी परिषदेत जाहीर करते."

मामाच्या पाचावर धारण बसली. बोलावं तर नोकरी जाणार, गप्प बसावं तर बाई भरसभेत तोंडघशी पडणार.

घरी बायकोला सांगितलं, तर ती हसून हसून खालीच बसली. "अहो, आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, आयत्या डब्यावर माणूस आजच बघितला!" मग डोळे पुसत म्हणाली, "एवढे घाबरला होतात, तर मला नाही सांगायचं? उद्या बाईंना सगळं सांगून मोकळे व्हा."

सकाळी मामा बाईंपुढं उभा राहिला. "बाई, डावीकडं एक उंदीर जास्तीचा आहे."

बाई पिंजरे मोजायला धावल्या.

"तिकडं नाही, बाई. हा काय, इथं उभा आहे."

बाईंना कळायला जरा वेळ लागला. कळलं तसे कान लालबुंद झाले. "सहा महिने, मामा! माझी सगळी मेहनत पाण्यात घातलीत!" मग बाईंनी विचारलं, "धाप कमी झाली?"

"छे हो. होती तेवढीच."

"डावीकडच्या उंदरांचंही तेच," बाई हताश होऊन म्हणाल्या. "काल संध्याकाळी सगळ्यांची हृदयं तपासली. रतीभर फरक नाही. सुधारली ती फक्त उजवीकडच्यांची, रोज चाकावर पळणाऱ्यांची. पळून पळून त्यांच्या चुलीच वाढल्या."

"मग मी आता येऊ नको ना, बाई?"

"येऊ नको? आता नवी पिल्लं मागवतेय, प्रयोग पहिल्यापासून! तीन वर्षांचा. तुमच्याशिवाय त्यांना कुणी हात लावायचा नाही. रोज तासभर चालायचं, डॉक्टरांना दाखवायचं, त्यांची औषधं वेळेवर घ्यायची." बाई दारापर्यंत जाऊन वळल्या. "आणि मामा, मध्येच गेलात तर याद राखा!"