खाजवाली पुढे या

गावात येऊन आठ दिवस झाले तरी का-ताईच्या पदरात एकच वाक्य पडलं होतं, "सगळं छान आहे." आरोग्य केंद्रात बायका का फिरकत नाहीत, हे शोधून लिहून द्यायचं तिचं काम. दिसेल त्याला "का?" विचारायची, म्हणून गावानं ठेवलेलं हे नाव. कारण सापडलं नाही, तर महिनाअखेर केंद्राला टाळं लागणार होतं.

नवव्या दिवशी तिनं रेकॉर्डर पिशवीत कोंबला आणि कांदे काढणाऱ्या बायकांच्या ओळीत जाऊन बसली. ओढलं की पात हातात, कांदा मातीतच.

"अगं, कांदा उपटतेस का कुणाच्या झिंज्या?" मुकादम मावशी खो-खो हसली. सत्तरीची बाई, कानानं जड, जिभेनं तिखट. सगळ्याच हसल्या आणि हसता हसता मोकळ्या झाल्या.

"मावशी, खरं सांगा, केंद्रात का नाही जात?"

"जाऊन अब्रू घालवू? सिस्टर गुणाची पोर, पण आवाज बघ तिचा! दारात उभी राहून ओरडते, 'खाजवाली कोण? पुढे या!' समोर पिठाची गिरणी. निम्मं गाव दळणाला उभं! सहा महिने खाजवतेय मी, पण तिकडं जायची नाही."

"माझं तर पीठ घरी यायच्या आधी दुखणं पोचलं सासूबाईंना," दुसरी म्हणाली.

"लिहू का हे? नावं नाही टाकणार."

"लिही की. माझं नाव तेवढं गाळ."

संध्याकाळी ते वाचून सिस्टर लालबुंद झाली. "कोण म्हणालं हे?"

"नाव नाही सांगता येणार. विश्वासानं सांगितलेलं चव्हाट्यावर मांडायचं नाही, हा आमच्या कामाचा नियम आहे."

सिस्टर मटकन खाली बसली. "आणि मी रोज दारात उभी राहून काय करते गं?"

दुसऱ्याच दिवशी दाराला पडदा लागला, हाका नंबरानं सुरू झाल्या. आठवड्यात बाक भरला, टाळ्याची गोष्ट मागे पडली. का-ताईचा जीव भांड्यात पडला. शेवटी मावशीही आली.

"काय होतंय, मावशी?" सिस्टरनं कानाशी कुजबुजत विचारलं.

"आँ?"

"त्रास काय आहे?" आवाज आणखी खाली.

"अगं, तोंडात गूळ धरलायस का? मोठ्यानं बोल की!" मावशी गरजली. "खाज! खाज सुटलीय मला!"

बाहेर दळणाची अख्खी रांग वळली. मावशी मलमाची डबी घेऊन ताठ मानेनं पायरी उतरली.

"बघताय काय? माझं नाव गाळलंय!"