अडवण्याचा धडा

इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना उत्साह आला की त्या चालत नसत, धावत सुटत. त्या सोमवारी दुपारी हॉटेलच्या तळघरात त्या अशा काही शिरल्या, की लिफ्टवाल्याला वाटलं कुठेतरी आग लागली.

"मावशी कुठायत? आधी मावशींना बोलवा! तारीख आली!"

मावशी म्हणजे लॉन्ड्रीतल्या इस्त्रीवाल्या मावशी. गेली एकोणीस वर्षं त्या या तळघरात चादरी कडक करत होत्या. डाग कॉफीचा की गंजाचा, किती दिवसांचा, कशाने जाईल, हे त्या कापड चिमटीत धरून सांगत, आणि आजवर एकदाही चुकल्या नव्हत्या. लॉन्ड्रीच्या प्रमुख महिनाअखेर निवृत्त व्हायच्या होत्या. ती खुर्ची मावशींचीच, यावर तळघरात कुणाचं दुमत नव्हतं. पण नेमणूक व्हायची मुख्य कचेरीतून. तिथले साहेब फोनवर मुलाखत घेत, आणि तीही इंग्रजीत.

संधी तीनच मिळत. पहिल्या खेपेला मावशींनी पलीकडचा "हॅलो" ऐकला आणि फोन ठेवून दिला. दुसऱ्या खेपेला धीर केला खरा, पण प्रत्येक प्रश्नाला "येस" म्हणत सुटल्या. कामावर उशिरा येता का? येस. बरोबरच्यांशी भांडता का? येस, येस! साहेबांनी आभार मानून मुलाखत आवरती घेतली. उरली होती तिसरी आणि शेवटची, येत्या शुक्रवारी सकाळी अकराला.

"चारच दिवस?" मावशी गाठोड्यावर मटकन बसल्या.

"चार दिवस खूप झाले! आपल्याकडे पुस्तक आहे ना!" बाई म्हणाल्या.

हे पुस्तक बाईंचं स्वतःचं होतं. हॉटेलातल्या कामगारांना इंग्रजी शिकवायला संस्थेने त्यांना पाठवलं, तेव्हा बरोबर जुना अभ्यासक्रमही दिला होता. 'विमानतळावर', 'माझा छंद', 'आमची सहल' असे चाळीस धडे. उभ्या जन्मात सहलीला न गेलेल्या माणसांना तो शिकवायचा! बाईंनी तो कपाटावर टाकला आणि दोन महिने वही घेऊन हॉटेलभर हिंडल्या. इथल्या माणसांना इंग्रजी लागतं कुठे, कुणाशी आणि किती, ते टिपून घेतलं आणि त्यातून बारा नवे धडे रचले. संवाद स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केले. संस्थेचे संचालक पुढच्या आठवड्यात ते छापायला देणार होते. बाईंना त्याचा भारी अभिमान होता, आणि तो अगदीच फुकाचा नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

सराव तिथेच सुरू झाला. वर्ग म्हणजे लॉन्ड्रीतलं घड्या घालायचं लांबलचक टेबल आणि भोवती आठ जण. बाई झाल्या साहेब.

"तुम्ही इथे किती वर्षं आहात?" त्यांनी इंग्रजीत विचारलं, सावकाश, गोड आवाजात.

"आय वर्क हिअर..." मावशी थांबल्या.

"नाइन्टीन इयर्स! शाब्बास!" बाईंनी टाळ्या पिटल्या. सगळ्यांनीच पिटल्या. तासभर असंच चाललं आणि मावशींच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

घरी गेल्या गेल्या बाईंनी सरावाचं ध्वनिमुद्रण आत्याला ऐकवलं. आत्या म्हणजे बाईंच्या वडिलांची थोरली बहीण. पाणीखात्याच्या तक्रारखिडकीवर बत्तीस वर्षं फोन घेऊन निवृत्त झालेली. तिच्या तोंडाचा पट्टा सुटला की इंग्रजीत तक्रार करणारेसुद्धा इंग्रजी विसरत, असं खात्यात म्हणत. ती शेंगा सोलत सोलत सगळं ऐकत होती.

"यातली मावशी कुठली गं?" शेवटी तिने विचारलं.

"म्हणजे काय? बोलतायत की त्या!"

"त्या नुसतं सुरू करतायत. मी मोजलं. नऊ वाक्यं तिने सुरू केली, त्यातली आठ तू पुरी केलीस."

"मी मदत करते, आत्या."

"तू तिच्या तोंडातला घास काढून घेतेस आणि वर टाळ्या वाजवतेस! आणि हे तुझं पुस्तक. यातली माणसं एकमेकांचं बोलणं संपेपर्यंत थांबतात. बत्तीस वर्षांत मला असा एक माणूस भेटला नाही. तो साहेब थांबणारे का?"

बाईंचा चेहरा पडला. राग आला, मग रडू आलं, आणि मग एकदम डोळे लुकलुकायला लागले. बाईंचं हे असंच असे. त्या ताडकन उठल्या.

"आत्या, उद्या तू येशील? साहेब होशील?"

"तुझ्या शेंगा कोण सोलणार?" आत्या म्हणाली खरी, पण दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंच्या आधी तयार होऊन दारात उभी होती.

मंगळवारी आत्या कोठीच्या खोलीत फोन घेऊन बसली आणि दार लावून घेतलं. टेबलावरचा फोन वाजला. मावशींनी उचलला.

"हॅलो! कोण? किती वर्षं काम करता, आधी कुठे होता, आणि ते काम का सोडलंत? पटकन बोला, मला वेळ नाही!" सगळं एका दमात, कडकडीत इंग्रजीत.

मावशी पुन्हा "येस, येस" करत सुटल्या. लिफ्टवाल्याची पाळी आली तर आत्याने त्याला मधेच ताटकळत ठेवलं आणि गाणं गुणगुणत राहिली. खोल्या आवरणाऱ्या दोघी बहिणींपैकी धाकटीचा फोन तिने सरळ कापला. आठही जणांची भंबेरी उडाली. मग आत्या बाहेर आली आणि म्हणाली, "आता माझं गुपित ऐका. जो मला अडवायचा ना, त्याच्याशीच मी नीट बोलायचे."

बाईंनी खडू उचलला. फळ्यावर इंग्रजीत तीन वाक्यं आली. एक मिनिट थांबा. एका वेळी एक प्रश्न. मी विचार करतेय. बारा धड्यांत यातलं एकही नव्हतं! बाईंना स्वतःची लाजही वाटली आणि आनंदाने नाचावंसंही वाटलं.

नियम ठरला, की बाईंनी कुणाचं वाक्य पुरं केलं की सगळ्यांनी टेबल बडवायचं. मंगळवारी टेबल अकरा वेळा वाजलं. हिशेब लिफ्टवाल्याकडे होता आणि तो त्यात जराही दयामाया दाखवत नव्हता. बुधवारी पाच वेळा वाजलं. गुरुवारपर्यंत तळघराला अडवण्याचं वेडच लागलं होतं. जो तो ज्याला त्याला "वन मिनिट, प्लीज" म्हणत होता आणि वर हसत होता. मावशींनी तर गुरुवारी आत्याला सलग तीनदा अडवलं. आत्या घाम पुसत कोठीबाहेर आली आणि म्हणाली, "बाई गं, हिच्यापुढे माझी खिडकी बंदच पडली असती."

शुक्रवारी अकराला पाच मिनिटं असताना सगळे टेबलाभोवती उभे होते. बाई मावशींच्या शेजारी बसल्या. त्यांच्या हातांना इतका घाम आला होता, की खडूचा लगदा झाला.

फोन वाजला. मावशींनी तो उचलून स्पीकर लावला. साहेब आत्याच्याही वरताण निघाले. नाव, वर्षं, अनुभव, सगळं एका श्वासात. आणि नेमकं तेव्हाच वरच्या मजल्यांवरून मळक्या चादरी टाकायच्या पत्र्याच्या नळातून गाठोडं खाली आदळलं. धाड!

"वन मिनिट, प्लीज," मावशी म्हणाल्या. गाठोडं गडगडत थांबेपर्यंत त्या थांबल्या. "नाऊ ओके. वन क्वेश्चन. देन नेक्स्ट क्वेश्चन."

मग साहेबांनी एक प्रश्न विचारला. फक्त एक! बाईंनी आत्याचा हात करकचून दाबला.

चार प्रश्न झाले. पाचवा आला. एका पाहुण्याच्या पांढऱ्या चादरीवर डाग राहिला, तो संतापलाय, तुम्ही काय कराल?

मावशी गप्प झाल्या. एक सेकंद, दोन, तीन. "हॅलो?" साहेब म्हणाले. चार. पाच. बाईंना उत्तर येत होतं, ते त्यांच्याच सातव्या धड्यात होतं, सुंदर, माफी मागणारं. त्यांच्या जिभेवर ते नाचायला लागलं. त्यांनी तोंड उघडलं.

मावशींनी त्यांच्याकडे न बघता हात वर केला आणि चादरी फिरवून फिरवून घट्टे पडलेला तळवा बाईंच्या तोंडावर ठेवला.

"आय ॲम थिंकिंग," त्या फोनला म्हणाल्या. आणि मग, "सर, व्हॉट स्टेन?"

"म्हणजे?"

"कॉफी? ब्लड? रस्ट? यू टेल मी."

"ते... मला माहीत नाही," साहेब गडबडले.

"देन फर्स्ट आय लुक. नो सॉरी, नो टॉक. फर्स्ट आय लुक."

फोनमधून हसू फुटलं. चांगलं मोकळं, पोटातून आलेलं. मग साहेब चक्क सावकाश बोलले. पत्र सोमवारी येईल, पण एक तारखेपासून खुर्ची तुमची, असं ते म्हणाले.

तळघरात जो कल्ला झाला तो तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेला. बहिणींनी उशांचे अभ्रे हवेत उधळले. आत्या नाक शिंकरत होती आणि सर्दी झाल्याचं सांगत होती. बाई तर हसत होत्या, रडत होत्या आणि बोलतच सुटल्या होत्या. "मावशी, मला माहीतच होतं! आता बघा, मी छपाई थांबवते, पहिला धडा हाच घालते, आणि तुम्ही त्यात..."

"बाई. वन मिनिट, प्लीज."

बाईंनी तोंड मिटलं.

"टीचर," मावशी म्हणाल्या, आणि अडल्या. पुढचा शब्द सापडत नव्हता. त्यांनी छताकडे पाहिलं, बोटं मोडली, ओठ हलवून बघितले. नळातून आणखी एक गाठोडं आदळलं. सगळे बाईंकडे बघत होते. लिफ्टवाल्याने टेबलावर हात तयार ठेवला होता. मावशींना कुठला शब्द हवाय ते बाईंना कळलं नव्हतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना ते ओळखायची घाईही नव्हती.

"टीचर," मावशी शेवटी म्हणाल्या, "मंडे, लिफ्टमन स्पीक. प्लीज... डोन्ट हेल्प हिम."

सगळ्यात आधी लिफ्टवाल्यानेच टेबल बडवलं.