टाचूच्या पोटातलं बाळ

जोडेवाल्या म्हाताऱ्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची कधी रांग लागली नव्हती. पण त्या सकाळी रांग दुकानाच्या पायरीपासून निघून कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या आरशापर्यंत पोचली होती, आणि त्यातल्या एकाच्याही पायातला जोडा फाटलेला नव्हता. बायकाच जास्त. कुणाच्या हातात वाटी, कुणाच्या हातात औषधाची धुतलेली बाटली. मूल होत नाही म्हणून आलेल्या, किंवा आणलेल्या.

आत, कातडी कापायच्या टेबलाखाली, टाचू पडली होती. टाचू म्हणजे म्हाताऱ्याची कुत्री. सदा त्याच्या टाचेशी चालायची, म्हणून टाचू. तिचे सड दुधानं तटतटले होते. पुढच्या दोन पायांत तिनं एक लहानसा फर्मा कवटाळला होता. ज्यावर कातडं चढवून जोडा बेततात, तो लाकडी पाय. कुणी जवळ गेलं की गुरगुरायची आणि मग पुन्हा त्या लाकडाला चाटत बसायची.

"बघा, डोळे असतील तर बघा!" बुवा टेबलावर थाप मारून ओरडला. "मागच्या अंगणाला भिंत. भिंतीवर काचा. दाराला कडी. आत नर म्हणून आला कोण?"

"कुणी नाही!" रांगेनं उत्तर दिलं.

"मग आली कोण?"

"लेक आली!"

हा बुवा पूर्वी याच कोपऱ्यावर गुडघेदुखीचं तेल विकत असे. लोकांचे गुडघे होते तसेच राहिले, तेलाचा बोभाटा झाला, तेव्हा त्यानं दाढी वाढवली.

लेक म्हणजे म्हाताऱ्याची नात. तापानं गेली. तिचा एक पाय आत वळलेला होता. आजोबानं तिच्या पायासाठी वेगळा फर्मा केला होता आणि त्यावर जोडे शिवून तिला चालायला शिकवलं होतं. ती गेल्यापासून सून भिंतीकडे तोंड करून पडून असे. मुलगा ट्रकवर, महिनोन् महिने बाहेर. घरात म्हातारा, सून आणि कुत्री एवढेच जीव. आणि एके दिवशी टाचूनं फळीवरचा नेमका तोच फर्मा उचलून आपल्या पोटाशी घेतला.

कावळ्याला हाड दिसायला वेळ लागत नाही. बुवा दुसऱ्याच दिवशी हजर. "एवढ्या फर्म्यांतून तिनं हाच का उचलला, माय?" त्यानं सुनेला विचारलं. "तुझी लेक हिच्या पोटात आलीय. इथून ती तुझ्या कुशीत येईल. फक्त शंका घेऊ नकोस. शंकेनं दूध नासतं, तसा गर्भही नासतो."

त्या दिवशी सून उठून बसली आणि पोटभर जेवली.

म्हाताऱ्याला माहीत होतं, टाचूनं तोच फर्मा का उचलला ते. पायाचा बाक साधावा म्हणून त्यानं त्या एकाच फर्म्यावर मेंढीची लोकर गुंडाळून चिकटवली होती. बाकी सगळे फर्मे म्हणजे उघडं लाकूड. पिलासारखं मऊ काही शोधणारी कुत्री दुसरं काय उचलणार? पण बोललं तर सुनेच्या तोंडचा घास गळून पडेल, म्हणून त्यानं ओठ शिवून घेतले. जोडे शिवणाऱ्याला शिवणं काय कठीण!

मग बुवा रोज सकाळ-संध्याकाळ टाचूचे सड पिळू लागला. थेंब थेंब दूध बायकांच्या वाटीत. "बघा, आटतच नाही! याहून मोठी साक्ष कोणती?" बायका ते दूध जिभेवर घेत आणि डोळे मिटत.

पुढे टाचूनं खाणं सोडलं. पाण्याचं भांडं मात्र भरलं की रिकामं. मागून घाण वास येणारं पाणी गळू लागलं. पोट फुगलं, डोळे आत गेले.

"कळा आल्या!" बुवा म्हणाला. "आता कुठल्याही घटकेला."

सुनेनं पेटीतून लेकीची गोधडी काढून टाचूखाली अंथरली. केस विंचरून बसली. "मामंजी," ती म्हणाली, "ती आली की मला ओळखेल ना हो?"

म्हाताऱ्याला ते ऐकवेना. तो मागच्या दारानं निघाला आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. याच बाईंनी त्याला पूर्वी सांगितलं होतं, पिलं नको असतील तर कुत्रीची पिशवी वेळेवर काढून टाका. तेव्हा तो म्हणाला होता, "बिचारीला एकदा आई तर होऊ द्या."

बाईंनी टाचूच्या हिरड्या पाहिल्या, ताप पाहिला, शेपटी उचलून पाहिलं. "काका, पिशवीत पू झालाय. आज काढली नाही तर ही उद्या नसेल."

"सुरी?" बुवा किंचाळला. "गर्भावर सुरी? पाप लागेल!" रांग पुढे सरकली. सून टाचूच्या आडवी बसली.

"माझी लेक आत आहे. आधी मला कापा."

बाई तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या. "ऐक. कुत्री माजावर येऊन गेली की तिला नर भेटो न भेटो, अंगातले हार्मोन पुढचे दोन महिने ती गाभण असल्यासारखेच वागतात. मग दूध येतं. ती कोपरा उकरते. चिंधी, चप्पल, जे सापडेल ते पिलू म्हणून पोटाशी धरते. खोटं गाभणपण म्हणतात याला. पुष्कळ कुत्र्यांना होतं आणि बहुतेकदा आपोआप जातं. फक्त सडांना हात लावायचा नसतो. पिळलं की पुन्हा भरतं." त्यांनी बुवाकडे पाहिलं. "आणि तुम्ही तर दोन्ही वेळा पिळत होतात."

"म्हणजे बुवा गवळी निघाला!" न्हावी रांगेतून म्हणाला. दोघी-तिघी हसल्या.

"आणि हा पू?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"तो वेगळा आजार. माजानंतरच्या याच दिवसांत होतो, म्हणून दोन्ही एकदम दिसले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली."

"माझ्या हाताला लाथ लागलीय," सून म्हणाली. "खोटं सांगत नाही मी."

"आतड्यांची हालचाल असेल. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तूच ऐक." बाईंनी कानांतली नळी काढून तिच्या कानांत घातली. "दिवस भरत आलेले असते, तर पिलांची काळजं फडफडताना ऐकू आली असती. टाचूच्या ठोक्यांपेक्षा कितीतरी जलद."

सुनेनं पोटावर इथे ऐकलं, तिथे ऐकलं. पुन्हा पहिल्या जागी ऐकलं.

"एकच आहे," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"टाचूचं." मग ती सासऱ्याकडे वळली. "पण मग तोच फर्मा का?"

"त्यावर लोकर आहे, पोरी. मीच लावली होती. मऊ लागला तिला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"पहिल्यापासून?"

"तू जेवलीस गं त्या दिवशी..."

सुनेनं गोधडीसकट टाचूला उचललं आणि दवाखान्याच्या वाटेला लागली.

पिशवी काढून झाल्यावर बाई तिला बाहेर जा म्हणाल्या, पण ती हलली नाही. "उघडून दाखवा." कुत्रीच्या पिशवीला दोन फांद्या असतात; बाईंनी एकीला चीर दिली. तसराळ्यात पू सांडला.

"दुसरी बाजू."

दुसरी बाजूही कापली. तिथेही तेच.

सून बाहेर आली आणि भिंतीला कपाळ टेकून रडली. लेक गेली तेव्हा तिला असं रडता आलं नव्हतं. म्हाताऱ्यानं तिच्या खांद्याकडे हात नेला आणि मागे घेतला. तेवढा हक्क आपण गमावलाय, हे त्याला कळत होतं.

रात्र निभावली. सकाळी टाचूनं डोकं उचललं. जगेल, असं बाई म्हणाल्या.

पण दुकानापुढे रांग होतीच, आणि बुवाही होता. "अविश्वासाची सुरी लागली आणि बाळ माघारी गेलं!" तो हातातली बाटली नाचवत होता. "पण दूध मी राखून ठेवलंय, माय. श्रद्धा असेल त्यानं घ्यावं."

सून पायरीवर आली. डोळे सुजलेले, आवाज बसलेला.

"मी तिथे उभी होते," ती म्हणाली. "बाळ माघारी गेलं नाही. बाळ नव्हतंच. पिशवी दोन्हीकडून कापली. नुसता पू होता."

"श्रद्धा कमी पडली," रांगेतून कुणीतरी पुटपुटलं.

"माझी? माझ्याहून जास्त कुणाला हवी होती माझी लेक? सगळी श्रद्धा घालून बसले होते मी, आणि मुकं जनावर माझ्यासमोर सडत होतं. दुखतंय हेसुद्धा दिसलं नाही मला. कळा वाटल्या."

बुवानं रांगेकडे पाहिलं. कुणी वाटी पुढे करेना. त्यानं बाटली झोळीत टाकली, "कलियुग!" म्हणाला, आणि न्हाव्याच्या दुकानाला वळसा घालून चालता झाला.

एक म्हातारी मात्र आपल्या सुनेला घेऊन तिथेच घुटमळली. ती पोरगी जेमतेम विशीतली, पदराचं टोक चुरगळत उभी.

"आता हिला कुठे न्यावं?" म्हातारीनं विचारलं.

"डॉक्टरकडे," जोडेवाल्याची सून पायरीवरून म्हणाली. "आणि हिला एकटीला नको, मुलालाही न्या. दोघांना तपासायला सांगा."

"आमच्या मुलात काय दोष असणार?"

"न बघताच कळलं, आजी? मीही असंच केलं. आधी मानलं, आणि मग बघायची वेळ आली. तुम्ही आधी बघा."